कशाच्या मानाने?

काही वर्षांपूर्वी एका वाचकाने मला ई-मेलने एक स्क्रीनशॉट पाठवला. मी तयार केलेल्या एका संकेतस्थळावर बराच लांबलचक अर्ज होता आणि त्याच्या तळाशी ‘पूर्ण करा’ असे बटण होते. स्क्रीनशॉटमधल्या बटणावर मात्र ‘पण करा’ असे दिसत होते. ‘पू’चा दीर्घ उकार खालून छाटला गेला होता, ‘ण’च्या डोक्यावरचा रफार वरून छाटला गेला होता, आणि या दोन कापाकापींनंतर जे उरले होते ते दुर्दैवाने अगदी शुद्ध मराठी होते. ई-मेलमध्ये एकच ओळ होती: “कसला पण करायचा आहे, तेही कृपया कळवावे.”

मी आधी मनसोक्त हसलो आणि मग बटणाचा कोड उघडून बसलो. त्या गृहस्थांनी आपल्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा मूळ आकार १६ पिक्सेलवरून ३२ वर नेला होता. बटणावरच्या अक्षरांचा आकार मी एक रेम असा दिला होता, म्हणजे वाचकाने ठरवलेल्या मूळ आकाराएवढा. त्यामुळे अक्षरे आज्ञाधारकपणे दुप्पट झाली होती. पण ती अक्षरे ज्या चौकटीत बसली होती तिची उंची मी २२ पिक्सेल लिहून ठेवली होती, ओळीची उंचीही तेवढीच ठेवली होती, आणि एखादे लांब शीर्षक बाहेर सांडू नये म्हणून चौकटीबाहेर जाणारा मजकूर लपवण्याची सूचनाही दिली होती. १६ पिक्सेलच्या देवनागरी अक्षराला वरच्या रफारापासून खालच्या उकारापर्यंत साधारण तेवढीच जागा लागते. ३२ पिक्सेलच्या अक्षराला ती दुप्पट लागते. उरलेल्या २२ पिक्सेलमध्ये शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा मधला भागच काय तो मावतो. खिडकी तशीच राहिली आणि तिच्यामागे उभा असलेला माणूस मोठा झाला, म्हणून त्याचे डोके आणि पाय दिसेनासे झाले.

रोमन लिपीत हीच चूक बहुधा खपून गेली असती. ‘जी’ किंवा ‘वाय’ या अक्षरांची शेपटी कापली गेली तरी शब्द ओळखू येतो. आपल्या लिपीत मात्र अर्थाचा मोठा भाग अक्षराच्या वर आणि खालीच राहतो. वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार, उकार, ऋकार हे सगळे कडेचे रहिवासी आहेत, आणि कात्री चालते ती नेमकी कडेला. ‘शुल्क’ आणि ‘शल्क’ यांच्यात जो फरक आहे तो शिरोरेषेपासून सर्वांत दूर, तळाशी आहे.

त्या बटणाने मला जे शिकवले ते एका प्रश्नात मावते. एकाच वस्तूची दोन मापे दोन वेगवेगळ्या धन्यांचे ऐकत होती: अक्षरे वाचकाचे ऐकत होती आणि चौकट माझे. कोडमध्ये लिहिलेले प्रत्येक माप कशाच्या तरी मानाने असते, आणि ते कशाच्या मानाने असावे हे मी स्वतःला विचारलेच नव्हते. पिक्सेल की एम (म्हणजे त्या जागच्या अक्षरांच्या आकाराएवढे माप), एम की रेम, हा वाद आमच्या क्षेत्रात बराच जुना आहे आणि तो सहसा कुठले एकक आधुनिक, कुठले मागासलेले अशा सुरात चालतो. मला तो सूर आता पटत नाही. एकक निवडणे म्हणजे हे माप कोणाच्या हाती सोपवायचे ते ठरवणे होय.

मी या कामात आलो तेव्हा सगळी मापे माझ्याच हाती असावीत असे मला मनापासून वाटत असे. डिझाइनची फाइल आली की तिची प्रतिमा अर्धपारदर्शक करून ब्राउझरमधल्या पानावर ठेवायची, आणि खालच्या पानातली अक्षरे वरच्या प्रतिमेतल्या अक्षरांवर तंतोतंत बसेपर्यंत एकेक पिक्सेल सरकवत राहायचे, हा माझा आवडता उद्योग होता. दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या आणि अक्षरांभोवतीची धूसर सावली नाहीशी झाली की जो आनंद होई तो आजही आठवतो. त्या आनंदात एक गृहीत दडलेले होते, की माझ्यासमोर जो पडदा आहे तोच वाचकासमोर आहे आणि माझे जे डोळे आहेत तेच वाचकाचेही आहेत. छापील पानाच्या बाबतीत यातले निदान पहिले गृहीत खरे असते, कारण कागद एकदा कापला की सगळ्यांच्या हाती त्याच मापाचा जातो. वेबच्या पानाला मात्र कागदच नसतो. ते प्रत्येक वाचकाकडे गेल्यावर नव्याने छापले जाते.

गंमत अशी की, ज्या पिक्सेलला आम्ही इतके ठाम आणि अढळ समजत होतो तोही मुळात सापेक्षच आहे. सीएसएसमधला, म्हणजे वेबच्या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतला, पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा प्रत्यक्ष ठिपका नव्हे. त्याची व्याख्या कोनावर आधारलेली आहे: दर इंचाला ९६ ठिपके असलेला पडदा हाताच्या अंतरावर, म्हणजे सुमारे २८ इंचांवर धरला असता त्यावरचा एक ठिपका डोळ्याशी जेवढा कोन करतो, तेवढा हा पिक्सेल. तो कोन ०.०२१३ अंशांच्या आसपास येतो, आणि त्या अंतरावर ठिपक्याची लांबी भरते सुमारे ०.२६ मिलिमीटर. मोबाइल आपण डोळ्यांच्या अधिक जवळ धरतो म्हणून त्यावरचा पिक्सेल प्रत्यक्षात लहान असतो. भिंतीवर दुरून पाहायच्या पडद्यावरचा मोठा असतो. आजच्या पुष्कळ मोबाइलवर सीएसएसचा एक पिक्सेल प्रत्यक्षात चार किंवा नऊ ठिपक्यांनी मिळून बनतो. ब्राउझरमध्ये एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल अशी गाठ मारलेली असल्यामुळे पडद्यावरचा इंच पट्टीने मोजायला गेलात तर तो बहुतेकदा इंच भरत नाही. म्हणजे पिक्सेलला स्थिर म्हणायचे ते एवढ्याच अर्थाने, की वाचकाने अक्षरांचा आकार बदलला तरी तो हलत नाही. स्थिरतेचा हा एवढा एकच अर्थ खरा आहे आणि सगळा वाद त्याच्याभोवती आहे.

सापेक्ष एकके काही नंतर सुचलेली नाहीत. हॉकॉन वियुम ली यांनी सीएसएसची कल्पना १९९४ मध्ये मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. त्या पहिल्या आवृत्तीतच पिक्सेलच्या शेजारी एम बसलेला आहे. एम हे खिळ्यांच्या छपाईतून आलेले माप. ज्या आकाराचा टंक, तेवढ्या बाजूचा चौरस म्हणजे एक एम; १२ पॉइंटच्या टंकात तो १२ पॉइंटचा आणि २४ च्या टंकात २४ चा. खिळे जुळवणाऱ्या माणसाला परिच्छेदाच्या सुरुवातीची मोकळी जागा टंकाबरोबर वाढली पाहिजे हे वेगळे सांगावे लागत नव्हते. आम्हाला मात्र ते शिकायला फार वेळ लागला, आणि त्याचे एक कारण असे की, आम्ही पडद्याकडे कागदाच्या नजरेने पाहत होतो, पण कागदावर काम करणाऱ्यांचे शहाणपण आमच्याकडे नव्हते.

नाइलाज म्हणून एमकडे वळावे लागले ते २००१ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ६ च्या काळात. त्या ब्राउझरमध्ये अक्षरे लहानमोठी करण्याची सोय होती, पण पिक्सेलमध्ये दिलेल्या अक्षरांवर ती चालत नसे. वाचकाने कितीही वेळा मेनू उघडून मोठा आकार निवडला तरी पान ढिम्म हलायचे नाही. तेव्हा अक्षरे एममध्ये देण्याची रीत पसरली आणि तिच्याबरोबर एक युक्तीही आली: पानाच्या मूळ अक्षराचा आकार ६२.५ टक्के करून टाकायचा, म्हणजे १६ चे १० होतात आणि पुढचे सगळे हिशेब तोंडी करता येतात. १.४ एम म्हणजे १४ पिक्सेल, २.४ एम म्हणजे २४. सोयीची युक्ती होती, पण तिने एक वाईट खोड लावली. आम्ही लिहीत होतो एम आणि मनात मोजत होतो पिक्सेलच.

त्यात एमचा स्वभाव चक्रवाढीचा. अक्षरांच्या आकारासाठी एम लिहिला तर तो आपल्या वडील घटकाच्या आकाराच्या मानाने धरला जातो. मी एकदा यादीतल्या मजकुरासाठी ०.८ एम असे लिहिले. पहिल्या यादीत १६ चे १२.८ झाले, ठीक दिसले. यादीच्या पोटात यादी होती, तिथे १०.२४ झाले. तिच्याही पोटात एक होती आणि तिथली अक्षरे ८.१९ पिक्सेलची, म्हणजे मुंग्यांची रांग चालल्यासारखी. दुर्दैवाने नियम आणि अटींमधला सर्वांत महत्त्वाचा अपवाद त्याच तिसऱ्या पातळीवर होता. मी तो मुद्दाम लपवला असा माझ्यावर आरोप झाला. तो खोटा होता हे सिद्ध करताना मला चक्रवाढ व्याजाचे गणित फळ्यावर मांडून दाखवावे लागले.

या घोटाळ्यावर उतारा म्हणून रेम आले. रेम वडिलांकडे पाहत नाही, थेट मूळ पुरुषाकडे पाहते, म्हणजे दस्तऐवजाच्या मुळाशी असलेल्या घटकाच्या अक्षर-आकाराकडे. २०१० च्या सुमारास ब्राउझरांत ते दिसू लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही संज्ञा मांडली, आणि पानाच्या रुंद्या पिक्सेलऐवजी टक्क्यांत काढण्याचे त्यांचे साधे सूत्र, हवे ते माप भागिले ज्याच्या आत ते आहे ते माप, सगळ्यांच्या तोंडी झाले. ९६० च्या पानात ३०० चा रकाना हवा असेल तर ३१.२५ टक्के. भागाकार सरळ न सुटल्यास दशांशचिन्हानंतरचे दहा दहा आकडे आम्ही श्रद्धेने जसेच्या तसे चिकटवत असू. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा त्याच्या ब्राउझरने संकेतस्थळे ९८० पिक्सेल रुंद असतात असे धरून अख्खे पान आक्रसून इवलेसे दाखवायला सुरुवात केली होती. त्या इवल्याशा पानांनीच खरे तर स्थिर रुंदीचा आग्रह मोडून काढला. रुंदीच्या बाबतीत आम्ही हार मानली. अक्षरांच्या बाबतीत मात्र मी बरीच वर्षे मनातून पिक्सेलवालाच राहिलो, आणि ‘पण करा’ हे त्याचेच फळ होते.

त्या ई-मेलनंतर मी जे केले त्याची आता मौज वाटते. पश्चात्ताप झालेला माणूस करतो तेच केले, म्हणजे दुसऱ्या टोकाला गेलो. एका रात्रीत अख्ख्या स्टाइलशीटमधला, म्हणजे सीएसएसच्या फाइलमधला, प्रत्येक पिक्सेल शोधून त्याला १६ ने भागले आणि रेम करून टाकले. बॉर्डरसुद्धा सोडली नाही. एक पिक्सेलची रेघ ०.०६२५ रेम झाली. सकाळी ब्राउझरमधला अक्षरांचा आकार ३२ केला, बटणावरचे ‘पूर्ण करा’ सगळ्या रफार-उकारांसह पाहिले, आणि समाधानाने ते काम पुढे पाठवले.

आठवड्याभराने मोबाइलवर तेच पान त्याच सेटिंगने उघडले तेव्हा समाधान ओसरले. हिशेब असा होता. पडदा ३६० पिक्सेल रुंद. पानाच्या दोन्ही कडांना २४ पिक्सेलची मोकळी जागा आणि आतल्या चौकटीला पुन्हा दोन्ही बाजूंनी २४ चे पॅडिंग, म्हणजे कडेपासून मजकुरापर्यंतची आतली मोकळी जागा. एकूण ९६ गेले आणि मजकुराला २६४ उरले. पूर्वी, मोकळ्या जागा पिक्सेलमध्ये असताना, अक्षरे ३२ ची केली तरी हे २६४ तसेच राहत, म्हणजे ओळीत आठ एम एवढी रुंदी मिळे. आता माझ्या कृपेने मोकळ्या जागाही अक्षरांबरोबर दुप्पट झाल्या होत्या. ९६ चे १९२ झाले, मजकुराला १६८ पिक्सेल उरले, म्हणजे जेमतेम सव्वापाच एम. एका ओळीत एक शब्द. ‘संकेतस्थळावरील’ हा शब्द तर एका ओळीत मावतही नव्हता. अक्षरे मोठी हवीत असे म्हणणाऱ्या माणसाला मी अक्षरे दिली होती, पण त्याबरोबर दुप्पट पांढरी जागाही दिली होती, जी त्याने मागितली नव्हती आणि जी त्याच्याच मजकुराच्या जागेतून कापून घेतलेली होती. मोठ्या माणसासाठी मोठी खुर्ची आणावी हे ठीक. पण म्हणून खोलीच्या भिंतीही दुप्पट जाड कराव्यात असे नाही.

तेव्हापासून मी स्टाइलशीट लिहिताना प्रत्येक मापापाशी थबकून एकच विचारतो: वाचकाने अक्षरे मोठी केली तर हे माप वाढावे का? उत्तर दर वेळी वेगळे येते आणि ते एककांच्या कोष्टकात सापडत नाही. अक्षरे वाढावीत, हे उघडच आहे, ती रेममध्ये. परिच्छेदांमधले उभे अंतर वाढावे, कारण ओळी मोठ्या झाल्या आणि अंतर तेच राहिले तर परिच्छेद एकमेकांना चिकटतात. पानाच्या डाव्या-उजव्या कडेची मोकळी जागा अक्षरांची नसून पडद्याची असते. ती पिक्सेलमध्ये किंवा पडद्याच्या रुंदीच्या मानाने असावी. रेघेला वाढण्याचे काही कारण नाही. शीर्षकाशेजारचे छोटे चिन्ह मात्र शीर्षकाचेच भावंड आहे, म्हणून ते त्याच शीर्षकाच्या एममध्ये असावे, नाहीतर दुप्पट झालेल्या शब्दाशेजारी ते हरवलेल्या बटणासारखे दिसते. इथे एमचा तोच चक्रवाढ स्वभाव, ज्याला मी शिव्या घातल्या होत्या, गुण ठरतो: बटणाचे आतले पॅडिंग एममध्ये दिले की लहान बटण आणि मोठे बटण यांच्यासाठी फक्त अक्षरांचा आकार बदलावा लागतो, बाकीचे त्याच्या मागोमाग येते.

बोटाचे प्रकरण मला विशेष आवडते. बटण दाबण्यासाठी किमान किती जागा असावी, हे माप कशाच्या मानाने घ्यायचे? अक्षराच्या नव्हे. वाचकाने अक्षरे लहान केली म्हणून त्याचे बोट बारीक होत नाही. सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही वेब वापरता यावे यासाठीच्या, निकषांच्या २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत दाबण्याच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल असे माप दिले आहे आणि ते पिक्सेलमध्ये असणेच योग्य आहे. म्हणून माझ्या बटणांना आता किमान उंची पिक्सेलमध्ये असते आणि कमाल उंची नसतेच. अक्षरे वाढली तर बटण मुकाट्याने उंच होते. पूर्वी मी ‘उंची’ लिहीत असे, आता ‘किमान उंची’ लिहितो. ‘पण करा’चा घोटाळा खरे तर एवढ्या एका शब्दाने टळला असता.

ओळीच्या उंचीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण देवनागरीत लिहिणाऱ्याला तिचा फटका सर्वांत जास्त बसतो. ओळीची उंची पिक्सेलमध्ये दिली तर काय होते ते वर आलेच. पण ती १.५ एम किंवा १५० टक्के अशी सापेक्ष दिली तरी एक खाच राहते. ब्राउझर तिचे उत्तर आधी काढतो, १६ चे दीडपट २४, आणि पोटातल्या घटकांना वारसा म्हणून सूत्र देत नाही, २४ हा आकडा देतो. मग ४० पिक्सेलच्या शीर्षकालाही २४ चीच ओळ मिळते आणि शीर्षक दोन ओळींचे झाले की वरच्या ओळीतल्या ‘तू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘किती’च्या वेलांटीत गुंततो. उपाय असा, की एकक लिहायचेच नाही. नुसते १.५ लिहिले की वारसा सूत्राचा जातो आणि प्रत्येक घटक ते आपापल्या अक्षराच्या मानाने सोडवतो. सगळ्या सीएसएसमध्ये मला सर्वांत सुंदर वाटणारे माप हे, ज्याला एककच नाही. देवनागरीसाठी मी दीडच्या थोडे वर, १.६ किंवा १.७ ठेवतो, रोमन मजकुराला पुरणारी ओळ आपल्या मात्रांना अंगावर तंग होते.

रकान्याच्या रुंदीसाठी पुष्कळ जण सीएच हे एकक सुचवतात. ते त्या फॉन्टमधल्या रोमन शून्याच्या रुंदीवर ठरते. जोडाक्षरे आणि मात्रा एकमेकांवर रचणाऱ्या लिपीत, ६० सीएच म्हणजे ओळीत ६० अक्षरे असा हिशेब लावण्यात अर्थ नाही. मी एमने मोजतो, साधारण ३४ एम, आणि डोळ्यांनी वाचून खात्री करतो.

पडदा कुठल्या रुंदीला एका रकान्यावरून दोन रकान्यांवर न्यायचा, हेही माप मी बरीच वर्षे ७६८ पिक्सेल असे लिहीत आलो, कारण सगळेच तसे लिहीत. मीडिया क्वेरीमध्ये, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे नियम बदलणाऱ्या अटीमध्ये, ४८ एम लिहिले तर नेहमीच्या सेटिंगवर त्याचे उत्तर ७६८ च येते. पण तिथला एम पानावरच्या कुठल्याही नियमाकडे न पाहता वाचकाच्या ब्राउझरमधल्या मूळ आकाराकडे पाहतो, त्यामुळे २४ पिक्सेलची अक्षरे वापरणाऱ्यासाठी तीच सीमा ११५२ पिक्सेलवर सरकते. मोठी अक्षरे असणाऱ्याला १,१०० पिक्सेल रुंद पडद्यावरही एकच प्रशस्त रकाना मिळतो, आणि मिळायला हवा, कारण त्याच्या अक्षरांच्या मानाने त्याचा पडदा अरुंदच आहे. एकूण दहा मिनिटांचे काम, आणि त्याबद्दल कोणी कधी आभार मानलेले नाहीत. ज्याला त्याचा उपयोग होतो त्याला काही बिघडलेलेच दिसत नाही.

या सगळ्यावर एका सहकाऱ्याचा आक्षेप असे, आणि तो हलका नव्हता. “अहो, झूम आहे की! आता सगळे ब्राउझर अख्खे पान मोठे करतात, पिक्सेलसकट. मग हा खटाटोप कशासाठी?” त्याचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ चे दिवस गेले. आज पिक्सेलमध्ये लिहिलेले पानही झूमने मोठे होते, आणि मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता यावा हा सुगम्यतेचा निकषही झूमच्या आधारे पूर्ण करता येतो. पण झूम ही त्या त्या पानापुरती केलेली तक्रार आहे, तर सेटिंगमधला अक्षर-आकार म्हणजे वाचकाने सगळ्या वेबला एकदाच सांगून ठेवलेली गोष्ट. पिक्सेलमध्ये अक्षरे लिहिणारा ती ऐकूनच घेत नाही आणि त्याला प्रत्येक दारात पुन्हा सांगायला लावतो. शिवाय झूम मोकळ्या जागांसह सगळेच फुगवते, म्हणजे माझी ती एका रात्रीची चूक ब्राउझरच्या हातून घडते. सहकाऱ्याने यावर “बरोबर आहे, पण वेळ कोणाला आहे?” असे म्हटले, त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हते.

सर्वांत फसवे प्रकरण मात्र रेम लिहूनही वाचकाचे न ऐकण्याचे. दुसऱ्यांची स्टाइलशीट हाती येते तेव्हा मी आता सर्वप्रथम मुळाशी काय लिहिले आहे ते पाहतो. पुष्कळदा तिथे अक्षरांचा आकार सरळ १० पिक्सेल असा बांधलेला असतो आणि त्याच्या खाली हजारभर ओळी नेटक्या रेममध्ये असतात. झाड डोलावे म्हणून फांद्या मोकळ्या सोडायच्या आणि खोड खुंटीला बांधायचे, असा हा प्रकार आहे. वाचकाने सेटिंग १६ वरून २४ केले काय किंवा ३२ केले काय, पानावर काही हलत नाही. तेच १० पिक्सेल ६२.५ टक्के असे लिहिले तर निदान वाचकाचे म्हणणे मुळापर्यंत पोहोचते. पण मग बाहेरून आणलेला एखादा तयार घटक, ज्याने एक रेम म्हणजे १६ असे गृहीत धरलेले असते, एकदम अंग चोरून बसतो. मी मूळ आकाराला हातच लावत नाही. १८ पिक्सेल हवे असतील तर १.१२५ रेम असे लिहितो, आणि हिशेब अवघड वाटला तर यंत्राला करायला सांगतो. माणसाच्या तोंडी हिशेबासाठी वाचकाच्या अक्षरांना कात्री लावण्याइतके आपण गरीब राहिलेलो नाही.

तशीच फसवणूक पडद्याच्या रुंदीवर अक्षरे टांगण्यात आहे. शीर्षकाला पाच व्हीडब्ल्यू, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या पाच टक्के आकार दिला की ते खिडकीबरोबर लहानमोठे होताना फार देखणे दिसते. मग कोणी झूम करतो. झूम दुप्पट केला की सीएसएस पिक्सेलमधली पडद्याची रुंदी निम्मी होते, तिचे पाच टक्केही निम्मे होतात, आणि दुपटीने गुणून उत्तर पुन्हा तेवढेच येते. वाचक शंभरावरून दोनशेवर, दोनशेवरून चारशेवर जातो आणि ते शीर्षक जागचे हलत नाही. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ चे भूत सापेक्ष एककाच्या वेशात परत येते. सीएसएसमधले क्लॅम्प हे सूत्र वापरून, खाली-वर रेमच्या मर्यादा घालून आणि मधल्या सूत्रातही रेमचा वाटा ठेवून हे बरेचसे सावरता येते. मी ते शीर्षकांपुरतेच करतो. वाचायच्या मजकुराला पडद्याच्या रुंदीशी काही देणेघेणे असावे असे मला वाटत नाही.

आता माझ्या स्टाइलशीटमध्ये पिक्सेल उरलेले आहेत, आणि त्यांची मला लाज वाटत नाही: रेघा, सावल्या, कडेच्या मोकळ्या जागा, बोटासाठीच्या किमान उंच्या. प्रत्येकाशेजारी मी एक छोटी टीप लिहितो, ‘अक्षराबरोबर वाढू नये’ एवढीच. पुढे कोणी पश्चात्तापाच्या भरात एका रात्रीत सगळे बदलायला निघाला, तर त्याने निदान वाचून बदलावे.

एका मापापाशी मात्र मी बराच काळ अडून होतो. पानाच्या माथ्यावर चिकटून राहणारी मेनूची पट्टी. ती पिक्सेलमध्ये ठेवली तर अक्षरे वाढल्यावर तिच्यातले शब्द छाटले जातात. रेममध्ये ठेवली तर मोबाइल आडवा धरून ३२ च्या अक्षरांनी वाचणाऱ्याच्या पडद्याचा तिसरा हिस्सा ती एकटी अडवून बसते आणि लेख उरलेल्या फटीतून वाचावा लागतो. सुवर्णमध्य म्हणून मी दोन्हींची मिश्रणे करून पाहिली, पडद्याच्या उंचीची एकके लावून पाहिली, क्लॅम्पच्या तीन आवृत्त्या लिहिल्या. शेवटी मीडिया क्वेरीमध्ये उंचीची अट एममध्ये घातली: पडद्याची उंची ३० एमपेक्षा कमी असेल, तर पट्टी चिकटवायचीच नाही. ती आपल्या रेमच्या उंचीने, सगळ्या रफार-उकारांसह, पानाच्या माथ्यावर राहते आणि वाचक खाली गेला की त्याच्या वाटेतून निघून जाते. डिझाइनच्या फाइलमध्ये ती चिकटलेलीच आहे. स्क्रीनशॉट पाठवणाऱ्या त्या गृहस्थांना मी नवा दुवा पाठवला तेव्हा त्यांनी पट्टीबद्दल काहीच लिहिले नाही. अर्जातल्या चौथ्या रकान्यात ‘माहिती’ची दुसरी वेलांटी पहिली पडली आहे, तेवढे मात्र त्यांनी कळवले.